बाई, एक विचारायचं होतं : अध्यक्षांच्या पडवीतली चौकशी

प्रश्न : आदरणीय बाईंना सा. न. वि. वि.

मी गुहागर तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत सतरा वर्षं गणित शिकवतो. नोकरी कायम आहे. गेली चार वर्षं शालेय पोषण आहाराचं कामही माझ्याकडे होतं. गेल्या जुलैत वाऱ्याने कोठीच्या खोलीवरची कौलं सरकली आणि तांदळाची दोन पोती रात्रभर भिजली. वास येऊ लागला. मुख्याध्यापकांना दाखवलं, तर ते म्हणाले, "पुरून टाका, पोरांच्या पोटात नको जायला." शाळेमागे खड्डा काढून आम्ही ती पुरली. साठा नोंदवहीत मी हे लिहिलं नाही, ही चूक माझी.

गणपतीनंतर संस्थेच्या अध्यक्षांनी अचानक येऊन वजन केलं. ९६ किलो तांदूळ कमी भरला. मी तो विकला, असा आरोप त्यांनी स्वतःच्या सहीने ठेवला. चौकशी समितीत अध्यक्ष स्वतः आणि संस्थेच्याच दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक. तुमचा माणूस नेमा म्हणाले, पण सगळं आधीच ठरलेलं दिसत होतं, म्हणून मी रागाने कोणालाच नेमलं नाही. दोन्ही बैठका रविवारी, अध्यक्षांच्या घरच्या पडवीत झाल्या. मला पोती टेम्पोत चढवताना पाहिलं, असा त्यांच्या पुतण्याचा लेखी जबाब वाचून दाखवला. तो स्वतः समोर आला नाही. स्वयंपाक करणाऱ्या दोघी मावशींना साक्षीला बोलवा म्हटलं, तर "त्या बायकांना कशाला त्रास" म्हणाले. ९ जानेवारीला रजिस्टर पोस्टाने पत्र मिळालं, सेवेतून काढून टाकल्याचं.

घरची म्हणते, गप्प बसा, मंडळाचे लोक मुंबईत मोठे आहेत. मी काय करू?

– एक शिक्षक, तालुका गुहागर

उत्तर : सर, तुमचं पत्र हातात पडलं त्याच दुपारी मी तुम्हाला फोन केला. अंक छापून येईपर्यंत थांबले असते तर तुमची मुदत बुडाली असती. फोनवर बोललो तेच इथे सविस्तर लिहिते आहे, तुमच्या परवानगीने, गावाचं नि शाळेचं नाव काढून. आपल्या किनाऱ्यावर गावोगाव संस्थांच्या शाळा आहेत आणि असं पत्र मला पहिल्यांदाच आलेलं नाही.

आधी मुदतीचं. खासगी शाळेतला शिक्षक असो, लिपिक असो की शिपाई, सगळ्यांना महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ लागू आहे. कामावरून काढल्याचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. कलम ९. तुमचे ३० दिवस ८ फेब्रुवारीला संपतात. ज्या पाकिटातून आदेश आला ते पाकीट टाकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तारखेचा पुरावा. सबळ कारण दाखवलं तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं, पण त्याच्या भरवशावर राहायचं नाही. "आधी संस्थेला विनंती अर्ज द्या", "गावकीत विषय घेऊ", "शिमग्याला मुंबईकर आले की समोरासमोर बसू" असं सांगणारी माणसं भेटतील. मनाने चांगलीच असतील. पण शिमगा येईपर्यंत तुमची मुदत कधीच टळून गेलेली असेल. विनंती अर्ज द्यायचा तर द्या, अपील मात्र आधी.

आता चौकशीकडे वळते. तुमचं पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त थांबले ते पडवीपाशी.

शाळेच्या माणसाची चौकशी कशी व्हावी हे संस्थेच्या मर्जीवर सोडलेलं नाही. त्याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीत ते बारकाईने लिहिलं आहे. समिती तिघांची. एक व्यवस्थापनाचा. एक कर्मचाऱ्याने स्वतः निवडलेला, कोणत्याही खासगी शाळेतला कर्मचारी. आणि तिसरा, राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांच्या यादीतला. ही तिसरी खुर्ची मुद्दाम ठेवलेली आहे. एक माणूस संस्थेचा, एक तुमचा, तर मध्ये कोणाचाच नसलेला एक जण हवा. तुमच्या समितीतले ते दुसरे मुख्याध्यापक त्या यादीतले आहेत का, हे सर्वांत आधी शोधा. नसतील, तर समितीच नियमाप्रमाणे झाली नाही. यादीत असले तरी एक प्रश्न उरतोच : ज्या अध्यक्षांच्या हाताखाली ते नोकरी करतात, त्यांच्या शेजारी बसून ते अध्यक्षांच्या विरुद्ध मत देऊ शकणार होते का?

मी स्वतः त्या तिसऱ्या खुर्चीवर बसलेली आहे. राज्य पुरस्कार मिळाल्यावर काही चौकशा माझ्याकडे आल्या. पहिल्या चौकशीच्या दिवशी संस्थेने मला आणायला गाडी पाठवली. पावसाचे दिवस, एसटीचा भरवसा नाही, म्हणून बसले. शाळेच्या पायऱ्यांपाशी अध्यक्षांनी माझ्या बाजूचं दार उघडलं, छत्री धरली. दुपारी जेवण त्यांच्याच घरी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. ज्याची चौकशी होती तो लिपिक व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभा होता. मला उतरताना त्याने पाहिलं, जेवायला जाताना पाहिलं, परत येताना पाहिलं. निकाल मी कागद बघूनच दिला, त्यात खोट नव्हती. पण त्या माणसाने तो कधीच मानला नाही, आणि का मानावा? त्याच्या जागी मी असते तर मीही मानला नसता. पुढच्या प्रत्येक चौकशीला मी एसटीने गेले, डबा घरून नेला, पाणीसुद्धा शाळेच्या माठातलं प्यायले. कोणाला हा अतिरेक वाटला तर वाटू दे.

म्हणून सांगते, सर, जागेला अर्थ असतो. नियमही तेच म्हणतो : समितीच्या बैठका सर्वसाधारणपणे शाळेच्या आवारात आणि शाळेच्या वेळेत व्हायच्या. ज्याच्या पडवीत चपला काढून आत जायचं, ज्याच्या घरचा चहा घ्यायचा, त्याच्याच तोंडावर "तुम्ही खोटं बोलताय" असं कोण म्हणेल? तुम्ही एका कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलात आणि ते दोघे झोपाळ्यावर, हे तुम्ही फोनवर सांगितलंत. ते अपिलात जसंच्या तसं लिहा.

अध्यक्ष समितीत होते एवढ्यानेच चौकशी बाद होत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. व्यवस्थापनाचा माणूस समितीत असावा असं कायदाच म्हणतो. पण इथे तांदूळ मोजला त्यांनी, तक्रार केली त्यांनी, आरोपपत्रावर सही त्यांची, मुख्य साक्षीदार त्यांच्या घरातला आणि निकालही त्यांचाच. तक्रारदाराने न्यायाधीश व्हायचं नाही, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी कित्येकदा सांगितलं आहे. १९६३ साली एका चहाच्या मळ्यातल्या कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे असंच झालं होतं. घडलेल्या प्रकाराचे जे व्यवस्थापक स्वतः साक्षीदार, त्यांनीच कामगारांची चौकशी केली होती. न्यायालयाने ती चौकशी मानली नाही. संस्थेला व्यवस्थापन मंडळातल्या दुसऱ्या कोणालाही पाठवता आलं असतं. पाठवलं नाही.

पुतण्याच्या जबाबाचंही तेच. समोर न आलेल्या माणसाचा कागद म्हणजे साक्ष नव्हे. संस्थेच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याचा आणि आपले साक्षीदार आणण्याचा हक्क नियमावलीने तुम्हाला दिला आहे. साधे प्रश्न असतात हो. टेम्पो कुठल्या रंगाचा? दिवस कोणता? पाऊस होता का? तू स्वतः कुठे उभा होतास? एका चौकशीत मी पाहिलं आहे, "त्या वेळी फाटक कुठल्या बाजूला उघडलं होतं?" एवढ्या एका प्रश्नावर पाठ करून आलेला माणूस गप्प झाला. तुम्हाला तो प्रश्न विचारूच दिला नाही. आणि ज्या मावशींनी भिजलेली पोती डोळ्यांनी पाहिली, खड्ड्यापर्यंत ओढायला हात लावला, त्यांना बोलावलं नाही. त्यांना त्रास नको म्हणून? रोज साठ पोरांचा भात चुलीवर चढवणाऱ्या बायांना खरं सांगण्याचा कसला त्रास?

बैठकीत जे बोललं गेलं ते लिहून त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या असतात. चौकशी संपल्यावर कामकाजाचा गोषवारा आणि साक्षींच्या प्रती तुम्हाला रजिस्टर पोस्टाने पाठवून पुढचं म्हणणं मांडायला सात दिवस द्यायचे असतात. तुमच्याकडे यातलं काहीच आलेलं नाही, थेट काढल्याचं पत्र आलं. हा मुद्दा मोठा आहे.

आता तुमच्या चुका. तुम्ही विचारल्या नाहीत, पण सांगितल्या नाहीत तर माझं उत्तर अर्धवट राहील.

आपला माणूस न नेमणं ही मोठी चूक. राग मला कळतो. पण १५ दिवसांत त्याच्या लेखी संमतीसह नाव कळवलं नाही, तर उरलेल्या दोघांचीच समिती झाली असं नियम धरतो. ती खुर्ची तुमची होती, तुम्हीच रिकामी सोडलीत. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते : सगळं ठरलेलं दिसत असलं तरी आपला माणूस पाठवा. निकाल फिरला नाही तरी त्याचं वेगळं मत कागदावर येतं, आणि पुढे न्यायाधिकरणात तोच कागद बोलतो. हरकतही तिथल्या तिथे लेखी द्यावी. "अध्यक्ष स्वतः तक्रारदार आहेत, त्यांनी समितीत बसू नये, बैठक शाळेत घ्यावी", एवढ्या दोन ओळी, पोच घेऊन. तुम्ही पहिल्या बैठकीनंतर मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर असा निरोप पाठवला होता, हे फोनवर कळलं तेव्हा मला हायसं वाटलं. तो निरोप पुसू नका. तारखेसह छापून घ्या.

दुसरं, चौकशी चुकीची झाली म्हणजे तुम्ही निर्दोष ठरलात असं होत नाही. चौकशी पुन्हा नीट करा, असंही सांगितलं जाऊ शकतं. म्हणून तांदळाचा हिशोब आत्ताच मांडून ठेवा. सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ. तुमच्याकडची पटावरची ६२ मुलं धरली तर दिवसाला ९ किलो ३०० ग्रॅम. पन्नास किलोच्या दोन पोत्यांपैकी एकातून आदल्या दिवशी चार किलो काढले होते म्हणता, म्हणजे भिजले ते ९६. कमी भरला तोही ९६. आकडा किलोपर्यंत जुळतो, हे तुमच्या बाजूचं आहे. चोरी अशी मोजूनमापून दोन पोत्यांची होत नाही असं मी म्हणणार नाही, तसा युक्तिवाद दोन्हीकडे वळतो. पण त्या महिन्याचा अहवाल, कौलं शाकारल्याची पावती, शाकारणाऱ्याचा जबाब आणि त्या रात्रीचा पाऊस हे सगळं एकाच तारखेवर येत असेल, तर ते बोलकं आहे. आणि एक गोष्ट तुमच्या ध्यानात आलेली दिसत नाही. सप्टेंबरात तुमच्यावर चोरीचा आरोप ठेवला आणि कोठीची किल्ली मात्र डिसेंबर संपेपर्यंत तुमच्याच कनवटीला होती. ज्याला चोर म्हणायचं त्याच्याच हातात तीन महिने तांदूळ कोण ठेवतं? वकिलांना हे पहिल्या पानावर घ्यायला सांगा.

पोषण आहाराचे मासिक अहवाल पंचायत समितीकडे जातात. त्यांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागा. ३० दिवसांत उत्तर येईल. पण त्यासाठी अपील थांबवू नका, प्रती मागाहून जोडता येतात. मुख्याध्यापकांकडून "पुरून टाका म्हणालो होतो" हे लेखी मिळालं तर उत्तमच. ते द्यायला घाबरतील. त्यांच्यावर चिडू नका, त्यांचीही नोकरी त्याच संस्थेत आहे. त्यांना साक्षीला बोलावण्याची विनंती न्यायाधिकरणाला करता येते.

न्यायाधिकरण तुम्हाला पुन्हा कामावर घ्यायला सांगू शकतं, थकलेला पगार द्यायला लावू शकतं आणि नोंदवही न भरल्याबद्दल हलकी शिक्षाही देऊ शकतं. ती मिळाली तर घ्या, ती तुमची खरी चूक आहे. पगाराबाबत २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांना ठाऊक असेलच. औरंगाबादच्या एका शिक्षिकेला असंच काढलं होतं. न्यायाधिकरणाने तिला पूर्ण मागील पगारासह परत घ्यायला सांगितलं, उच्च न्यायालयाने पगार काढून टाकला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो परत मिळवून दिला. त्यासाठी एक गोष्ट तुम्ही करायची : दुसरीकडे कमाईची नोकरी करत नाही, हे शपथेवर सांगायचं. मग ते खोटं आहे हे दाखवणं संस्थेवर येतं. तुमची घरची आंब्याची वीस-पंचवीस कलमं आहेत, उद्या हापूसच्या चार पेट्या विकाल. ते लपवू नका. वकिलांना आधीच सांगा.

पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तरी आता मुंबईची वारी नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यात आहेत. वहिनींना हेही सांगा. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. गावात राहायचं आहे, मुलगी त्याच शाळेत नववीला आहे. पण सतरा वर्षं ज्यांनी गणित शिकवलं त्यांच्या नावापुढे "तांदूळचोर" लागलं आणि ते तसंच राहिलं, तर तेही त्याच मुलीला ऐकावं लागणार आहे.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याजवळच्या एका शाळेत रुजू होताना संस्थेने माझ्याकडून तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही घेतली. आता दुसऱ्या कोणाला घ्यायचंय म्हणून "तुमचा राजीनामा मंजूर करू" असं सारखं सांगतात. – एक शिक्षिका

उत्तर : बाळ, घाबरू नकोस. त्याच १९७७ च्या कायद्याचं कलम ७ बघ. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख स्वतः घालायची, एक प्रत रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची, दुसरी आपल्याजवळ ठेवायची. कोऱ्या तारखेचा, कपाटातून काढलेला कागद या रीतीत बसत नाही. आजच संस्थेला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठव : "मी राजीनामा दिलेला नाही, रुजू होताना घेतलेल्या सहीचा कागद मला मान्य नाही." त्याची प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. पोस्टाची पावती आईच्या दागिन्यांच्या डब्यात ठेव. आणि रोज हजेरीपटावर सही करत राहा, एक दिवसही चुकवू नकोस. फक्त एक सांग : तू परिविक्षेवर, म्हणजे कायम होण्याआधीच्या पारखण्याच्या काळात आहेस, की कायम झालीस? परिविक्षेवर असशील तर संस्थेला वेगळे अधिकार आहेत, मग मला पुन्हा लिही, नेमणुकीच्या पत्राची प्रत जोडून.

प्रश्न : मी रत्नागिरीत मासळीच्या कारखान्यात सहा वर्षं कोळंबी सोलते. गेल्या आठवड्यात मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. कागद काही दिला नाही. आम्हालाही चौकशीचा हक्क आहे का? – एक कामगार

उत्तर : आहे, ताई. शाळेचा कायदा तुम्हाला लागू नाही, पण ठपका ठेवून काढायचं असेल तर तो ठपका कळला पाहिजे आणि तुमचं ऐकलं गेलं पाहिजे, हे कारखान्यालाही चुकत नाही. ठपका नसेल, नुसती माणसं कमी करायची असतील, तरी वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांची सरासरी मजुरी द्यावी लागते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. त्यात आधी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगारांत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज, आणि ४५ दिवसांत समेट झाला नाही तर थेट औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाता येतं. रत्नागिरीतल्या कामगार खात्याच्या कार्यालयात हाताने लिहिलेला अर्ज चालतो, मुकादम काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा.

पण त्याआधी, उद्या सकाळी नेहमीच्या वेळी फाटकावर जा. आत घेतलं नाही तर बरोबरच्या दोघींसमोर "मी कामाला आले आहे" असं सांगा आणि परत या. नाहीतर "ती आपणहून यायची बंद झाली" असं म्हणायला त्यांना वाव मिळतो. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी, हजेरीचं कार्ड, पगार बँकेत जमा होत असेल तर पासबुक, जे हाताला लागेल ते गोळा करा. मधले पावसाळी दोन महिने बोटी बंद असतात तेव्हाही कामावर होता का, तेही लिहून ठेवा. २४० दिवस मोजताना ते उपयोगी पडेल.